जुन्या घराच्या छपराची परीक्षा

मृग नक्षत्र लागण्यास पंधरा-वीस दिवस उरले कीं, यवतमाळ जिल्ह्यांतील जुन्या गांवांमधून पूर्वीं एक ठरलेलें दृश्य दिसत असे. घरोघर भिंतींना शिड्या लागत. कवेलू फेरणारे गडी आढ्यापर्यंत चढत, एक एक कौल उचलून खालचा पाला, माती आणि चिमण्यांचीं घरटीं झाडून काढीत, फुटलेलें कौल बाजूस ठेवीत आणि चांगलें पुनः बसवीत. पश्चिम महाराष्ट्रांत ज्याला शाकारणी म्हणतात, तेंच हें वऱ्हाडांतील कवेलू फेरणें. वरवर पाहतां ती केवळ दुरुस्ती होती. परंतु तिच्या पोटांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली होती. वर्षांतून एकदां तरी एक जाणता मनुष्य छपराच्या अंगाअंगावरून हात फिरवून येत असे. कोणता वासा पोकळ वाजतो, वाळवीनें कोठें वाट केली आहे, कोणती रीप पिचली आहे, हें तो खालीं उतरल्यावर घरधन्यास सांगे. म्हणजे दुरुस्तीबरोबर पाहणीहि होऊन जात असे, आणि तिचे वेगळे पैसे कोणी मोजीत नसे.

ही चाल आतां पुष्कळ ठिकाणीं मोडली आहे. नळीचीं कौलें करणारे कुंभार थोडे उरले. तीं फेरणारे गडी त्याहून थोडे. वानरांच्या टोळ्या एका उडींत पंचवीस कौलें फोडून जातात, त्यांना कंटाळून कित्येकांनीं कौलें उतरवून पत्रे घातले. तरुण मंडळी शिक्षणासाठीं आणि नोकरीसाठीं नागपूर, अमरावती, पुणें अशा शहरीं गेली. घर मात्र जागच्या जागीं उभें आहे, आणि पाऊस त्याच्यावर पूर्वींप्रमाणेंच पडतो आहे.

मग होतें तें असें. पहिल्या वर्षीं माजघरांत एक थेंब पडतो आणि त्याखालीं तपेलें ठेवण्यांत येतें. दुसऱ्या वर्षीं तपेल्याच्या जागीं बादली येते. तिसऱ्या वर्षीं भिंतीचा पोपडा सुटतो, आणि घरांतील मंडळी एकमेकांना म्हणूं लागतात कीं, आतां हा वाडा पाडावा, सागवान विकावें आणि स्लॅबचें घर बांधावें. हा निर्णय कधीं कधीं योग्यहि असतो. परंतु बहुतेक वेळां तो अशा स्थितींत घेतला जातो कीं, गेल्या दहा वर्षांत त्या छपरावर कोणी चढलेलेंच नसतें. रोग्याला न तपासतां त्याचा पाय कापावा, तशांतला हा प्रकार होय. छपराला नेमकें काय झालें आहे, तें किती झालें आहे आणि तें वाढत आहे कीं थांबलें आहे, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून जुन्या घराविषयीं कोणताहि निर्णय करणें शहाणपणाचें नाहीं. हीं उत्तरें मिळविण्याचें जें शास्त्र, तेंच छपराची पाहणी.

पाहणी कशी करावी हें समजण्यास आधीं छपरांचे प्रकार ध्यानांत घेतले पाहिजेत. यवतमाळचा प्रदेश या बाबतींत मोठा संपन्न आहे. इंग्रजी अंमलांत पूर्वीं या भागाला वणीवरून वूण जिल्हा असें नांव होतें. १९०५ पासून तो यवतमाळ जिल्हा झाला. डोंगराळ भागांत सागाचें अरण्य, आणि वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या बाजूस कपाशीची काळी जमीन, अशी याची ठेवण आहे. घर बांधणाऱ्यानें अरण्यांतून सागवान आणि बांबू घेतला, गांवच्या शिवारांतून माती घेतली, आणि या दोहोंच्या जोरावर दोन-दोन पिढ्यांना पुरतील असे वाडे उभे केले. हवामान मात्र कठोर. उन्हाळ्यांत पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो, आणि त्यानंतर चार महिन्यांत साधारणपणें नऊशें ते हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तापलेल्या छपरावर एकाएकीं पाणी पडण्याचा हा प्रसंग दरवर्षीं येतो, आणि छपराचे बहुतेक रोग याच प्रसंगांतून जन्म पावतात.

या भागांतील जुन्या छपरांचे मुख्य प्रकार तीन. पहिला नळीच्या कौलांचा. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती अशी नळी करतो, ती ओली असतांनाच उभी चिरून तिचे दोन भाग करतो आणि भट्टींत भाजतो. एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी, अशी हीं कौलें केवळ स्वतःच्या वजनावर बसतात. त्यांना खिळा नाहीं, चुना नाहीं. हेंच त्यांचें बळ आणि हीच त्यांची उणीव. फुटलें तर एक कौल सहज बदलतां येतें; पण वारा, मांजर, वानर यांच्या धक्क्यानें तें सरकतेंहि तितक्याच सहजपणें.

दुसरा प्रकार मंगळुरी कौलांचा. बाझेल मिशनच्या प्लेब्स्ट नांवाच्या जर्मन कारागिरानें १८६५ मध्यें मंगळूर येथें यंत्रानें दाबून कौलें काढण्याचा कारखाना सुरू केला, आणि तीं कौलें हळूहळू सर्व पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत पसरलीं. या कौलाला खाचा असतात. एक कौल दुसऱ्यांत अडकतें आणि खालीं रिपेला धरतें. कपाशीच्या व्यापारासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या भागांत मूर्तिजापुराकडून अरुंद रुळांची आगगाडी आली, तेव्हांपासून दूरचें सामान यवतमाळपर्यंत आणणें सोपें झालें. व्यापाऱ्यांचीं घरें, कचेऱ्या आणि शाळा यांवर हीं कौलें आणि लोखंडी पत्रे दिसूं लागण्याचा काळ साधारण हाच.

तिसरा प्रकार धाब्याचा, म्हणजे सपाट मातीच्या छपराचा. मराठवाड्यांत यालाच माळवद म्हणतात. जिल्ह्याच्या दक्षिणेस व पश्चिमेस, उमरखेड-पुसदच्या बाजूस मराठवाड्याची हद्द लागते, आणि घरबांधणीची रीतहि त्या हद्दीपाशीं एकमेकींत मिसळते. धाब्यांत खांबांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर फळ्या किंवा बांबूच्या कमच्या, त्यांवर पाला आणि सर्वांवर मातीचा जाड थर असतो. सर्वांत वर पांढरी किंवा खारी माती पसरतात. हिच्यांत एक मोठी युक्ति आहे. काळी माती ओली झाली कीं फुगते आणि वाळली कीं भेगाळते. म्हणून ती छपराच्या कामाची नाहीं. खाऱ्या मातींतील चिकण कण क्षारामुळें पाण्यांत सुटे होतात आणि मातीचीं बारीक छिद्रें बुजवितात. पाऊस पडला कीं ही माती आपलें तोंड आपणच मिटते, आणि पाणी वरच्या वर वाहून जातें. ज्या जुन्या माणसांनीं ही माती निवडली त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. पण मातीची परीक्षा मात्र पक्की होती.

या तिन्ही प्रकारांचे रोग निरनिराळे असल्यामुळें त्यांची पाहणीहि निरनिराळी करावी लागते. धाब्याचा मुख्य शत्रु पाणी नसून वजन आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. धाबें गळूं लागलें कीं वर आणखी माती टाकावयाची, हा सोपा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. जुनी माती मात्र कोणी उतरवीत नाहीं. आतां हिशेब करून पाहावा. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोली घेतली, आणि एक घनमीटर कोरड्या मातीचें वजन सुमारें १६०० किलो धरलें, तर त्या खोलीवर टाकलेला मातीचा प्रत्येक इंच सुमारें ४५० किलोंचा होतो. एक फूट जाडीचा थर म्हणजे जवळजवळ साडेपांच टन. पावसांत तो भिजला म्हणजे आणखी टनभर वजन चढतें. पणजोबांनीं ज्या तुळया आठ इंच मातीसाठीं घातल्या, त्यांच्यावर पणतूच्या काळीं दोन फूट माती बसलेली असते, आणि तुळई तर मधल्या काळांत म्हातारी झालेली असते.

या वजनाचा अर्थ काय, तें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सर्व महाराष्ट्रानें पाहिलें. लातूर-उस्मानाबाद भागांत किल्लारी येथें भूकंप झाला आणि सुमारें आठ हजार माणसें मृत्यु पावलीं. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती; जगांत याहून मोठे भूकंप याहून पुष्कळ कमी हानि करून जातात. येथें माणसें मेलीं तीं मुख्यतः मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरील जड माळवदें अंगावर आल्यामुळें. यवतमाळच्या शेजारीं हिंगोली जिल्ह्यांत २१ मार्च २०२४ रोजीं ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. त्यानें मोठी हानि झाली नाहीं, परंतु या बाजूची जमीन अगदींच निश्चल आहे असें कोणी मानूं नये, एवढा इशारा त्यांत आहे. यास्तव धाब्याच्या घरांत पाहणी करणाऱ्यानें सर्वांत आधीं एक साधें काम करावें. दोन-तीन ठिकाणीं सळई खुपसून मातीची जाडी मोजावी आणि ती खोलीवार लिहून ठेवावी. अनेक घरांत केवळ वरची अनावश्यक माती उतरविणें हाच सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. मात्र ती उतरवितांना एका बाजूनें सगळी काढूं नये. दोन्ही बाजूंनीं सारखी, थोडी थोडी काढावी. नाहीं तर एकीकडचें वजन हलकें होऊन सांगाडा पिळला जातो.

कौलारू छपराची गोष्ट वेगळी. तेथें पाहणी वरून नव्हे, तर आंतून सुरू करावी. भर दुपारीं माळ्यावर जावें, दारें-खिडक्या लावून घ्याव्या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पांच मिनिटें स्वस्थ बसावें. मग जेथें जेथें कौल सरकलें आहे तेथें तेथें उजेडाचा ठिपका दिसूं लागतो. हे ठिपके कागदावर उतरवावे. त्यानंतर लांकडावरील डाग पाहावे. येथें एक भ्रम टाळावयास हवा. थेंब ज्या जागीं पडतो त्याच्या बरोबर वर छिद्र असतें असें मुळींच नाहीं. पाणी कौलाखालीं शिरलें कीं वाशाच्या अंगानें उताराकडे वाहत जातें, आणि आठ-दहा फुटांवर एखादी गांठ किंवा खिळा आडवा आला म्हणजे तेथें थेंब होऊन पडतें. थेंबाखालचें कौल पुनःपुनः बदलून थकलेलीं घरें पुष्कळ आहेत. त्यांचें छिद्र दुसरीकडेच असतें. डागाचा माग वर वर काढीत जाणें, हाच खरा मार्ग.

जेथें दोन पाखीं मिळून खोल नाळ होते ती जागा, आढ्यावरील कोनाच्या कौलांचे सांधे, भिंतीला छप्पर टेकतें ती रेघ आणि पन्हळीचें तोंड, या चार ठिकाणीं बहुतेक गळतीचें मूळ सांपडतें. पन्हळींत साचलेला पाला आणि पक्ष्यांच्या विष्ठेंतून उगवलेलें पिंपळाचें रोप हीं दोन दिसतांत क्षुल्लक. पण पिंपळाचें मूळ एकदां भिंतीच्या माथ्यांत शिरलें कीं तें दगड वेगळे करतें. रोप बोटाएवढें असतांना उपटण्यास एक मिनिट लागतें. मनगटाएवढें झाल्यावर भिंतीचा तो भाग उतरविल्यावांचून तें निघत नाहीं.

मंगळुरी कौलांची एक परीक्षा घरींहि करतां येते. कौल उन्हांत चांगलें वाळवून त्याचें वजन करावें, मग तें एक अहोरात्र पाण्यांत बुडवून पुनः वजन करावें. वाढ मूळ वजनाच्या पांचव्या हिश्श्याहून अधिक असेल तर कौल सच्छिद्र झालें असें समजावें. याचा परिणाम केवळ गळतीपुरता नसतो. हजार चौरस फूट छपरावर सुमारें १४०० कौलें बसतात. अडीच किलोंच्या प्रत्येक कौलानें अर्धा किलो पाणी प्यालें, तर पावसाळ्यांत वाशांवर ७०० किलो जास्त ओझें येतें. उलट, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारें शंभर वर्षांचें कौल हें नव्या कौलाहून चांगलें असूं शकतें. तें जुनें म्हणून टाकून देऊं नये.

आतां लांकडाकडे वळूं. जुन्या घरांतील सागाविषयीं दोन टोकांच्या समजुती आढळतात. साग कधींच सडत नाहीं, असें कांहीं म्हणतात; तर वाळवी दिसली म्हणजे सर्व लांकूड गेलें, असें कांहीं मानतात. दोन्ही चूक. सागाचा गाभा तेलकट द्रव्यांमुळें कीड व बुरशी यांना पुष्कळ काळ दाद देत नाहीं. परंतु गाभ्याभोंवतींचा पांढरा भाग हा इतर लांकडासारखाच दुबळा असतो, आणि वाळवी बहुधा तेवढाच भाग खाऊन थांबते. वरून भयंकर दिसणारी तुळई आंतून शाबूत असणें, आणि वरून गुळगुळीत, रंग दिलेली तुळई भिंतींतल्या टोकाशीं पोकळ असणें, हे दोन्ही प्रकार नेहमीं घडतात. म्हणून डोळ्यांवर न विसंबतां टोंचा आणि हातोडी वापरावी. हातोडीनें हलकेच ठोकल्यावर निरोगी लांकूड टणक आवाज करतें. कुजलेलें बद्द वाजतें. टोंचा दोन-चार दोरेच आंत गेला तर चिंता नाहीं. इंचभर सहज गेला तर तो भाग गेला.

सर्वांत जपून पाहावयाची जागा म्हणजे तुळईचें भिंतींत पुरलेलें टोंक. लांकडांत पाण्याचें प्रमाण वजनाच्या शेंकडा वीसच्या वर बराच काळ राहिलें कीं बुरशी वाढूं लागते, आणि भिंतीच्या आंत वारा नसल्यामुळें तें टोंक वर्षानुवर्षें ओलें राहतें. दहा फुटांच्या तुळईंत साडेनऊ फूट लांकूड निरोगी आणि शेवटचें अर्धा फूट भुसा, अशी स्थिति पुष्कळदां असते. अशा वेळीं सबंध तुळई बदलण्याचें कारण नसतें. खालीं टेकू देऊन कुजलेला भाग कापावा, त्या जागीं त्याच जातीच्या जुन्या लांकडाचा तुकडा सांधून बसवावा, आणि टोंकाभोंवतीं वारा खेळेल अशी फट ठेवावी. जुना सुतार हें काम उत्तम करतो. मात्र टोंक कुजलें आहे हें त्याला आधीं कोणी दाखवून द्यावें लागतें.

बांबूच्या कमच्या आणि वासे यांचा शत्रु भुंगा. बांबूंतील पिठूळ सत्त्वासाठीं तो आंत शिरतो आणि खालीं बारीक पिवळसर भुकटी सांडते. सकाळीं झाडलेल्या जमिनीवर संध्याकाळीं पुनः भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे. न दिसली तर तीं भोंकें जुनीं आहेत. तोडलेला बांबू वापरण्यापूर्वीं कित्येक आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवण्याची जुनी रीत याच पिठूळ सत्त्वाचा नाश करण्यासाठीं होती.

वाकलेलें आढें पाहून घरांतील माणसें घाबरतात. पण लांकूड दीर्घकाळ भाराखालीं राहिलें कीं थोडें वाकतेंच, आणि पुष्कळदां शंभर वर्षांपूर्वींचें वांकण तेथेंच थांबलेलें असतें. तें जुनें कीं वाढतें, हें ठरविण्यास दोरी पुरे. आढ्याच्या दोन टोकांस दोरी ताणून बांधावी, मध्यभागीं दोरी आणि लांकूड यांतील अंतर मोजावें आणि तारीख घालून लिहावें. सहा महिन्यांनीं, आणि पुनः वर्षानें तेंच करावें. अंतर तेंच राहिलें तर झोंप शांत लागण्यास हरकत नाहीं. वाढलें, तर तज्ज्ञास त्वरित बोलवावें. भिंतीच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंस पक्की चिकटवून ठेवण्याची युक्तिहि अशीच आहे. पट्टी तडकली म्हणजे भेग हलत आहे. काळ्या जमिनीवरील घरांना हें विशेष लागू आहे. पाया उन्हाळ्यांत खालीं बसतो, पावसाळ्यांत वर उचलला जातो, आणि त्याची खूण मात्र छपराच्या सांध्यांत उमटते. तेव्हां छपराची पाहणी करणाऱ्यानें पायाकडे आणि वळचणीच्या पाण्याला वाट कोठें आहे याकडेहि पाहिलेंच पाहिजे.

गेल्या कांहीं वर्षांत या कामासाठीं नवीं साधनें आलीं आहेत. ड्रोन नांवाचें लहानसें उडतें यंत्र कौलांवर पाय न ठेवतां वरून छायाचित्रें काढतें. नाजूक छपरावर माणूस चढल्यानें जी मोडतोड होते ती त्यामुळें टळते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत ओला भाग कोरड्याहून थंड दिसतो, कारण तेथून पाण्याची वाफ होत असते. लांकडांतील ओलाव्याचें प्रमाण सांगणारें खिशांत मावणारें यंत्र मिळतें, आणि सुईसारख्या बारीक गिरमिटानें तुळईच्या पोटांतील पोकळी जाणतां येते. हीं साधनें उपयुक्त आहेत, परंतु तीं पाहणी करीत नाहींत; पाहणी करणाऱ्यास मदत करतात. ड्रोनला रिपेचा आवाज ऐकूं येत नाहीं, आणि कॅमेऱ्याला थंड दिसलेला भाग ओला आहे कीं केवळ सांवलींत होता, हें ठरविण्यास शेवटीं हातच लावावा लागतो.

पाहणी दोनदां करावी, हेंहि महत्त्वाचें. एकदां अक्षय्य तृतीयेनंतर, सर्व कोरडें असतांना. आणि एकदां श्रावणांत, पाऊस चालू असतांना. उन्हाळ्यांत रोगाच्या खुणा दिसतात, पावसांत रोग स्वतः दिसतो. माळ्यावरील विजेच्या ताराहि याच वेळीं तपासाव्या. उंदरांनीं कुरतडलेली तार आणि शंभर वर्षांचें वाळलेलें लांकूड यांचा शेजार धोक्याचा आहे.

पाहणीचें फळ म्हणजे तिचा लेखी अहवाल. घराचा साधा नकाशा काढून प्रत्येक खणाला आणि प्रत्येक तुळईला क्रमांक द्यावा, आणि दोष तीन वर्गांत मांडावे: ताबडतोब करावयाचें, या पावसाळ्यापूर्वीं करावयाचें, आणि केवळ लक्ष ठेवावयाचें. या तिसऱ्या वर्गाला फार महत्त्व आहे. कारण निष्कारण खर्च त्यानेंच वांचतो. मोजमापें आणि छायाचित्रें यांचा उपयोग कसा होतो, याचें एक मोठें उदाहरण पॅरिस शहरानें दाखविलें. तेथील नोत्र दाम या प्रार्थनामंदिराचें ओकच्या लांकडाचें प्राचीन छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजीं आगींत जळून गेलें. परंतु २०१४ सालीं दोन वास्तुतज्ज्ञांनीं त्या छपराच्या लांकडांची बारकाईनें मापें घेऊन आलेखन करून ठेवलें होतें. त्याच्या आधारानें सुतारांनीं तें पुनः उभारलें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें मंदिर खुलें झालें. छप्पर गेलें, पण त्याचें ज्ञान कागदावर राहिलें होतें.

हॉलंडमध्यें याहून साधी आणि घरगुती व्यवस्था आहे. तेथें १९७३ मध्यें जुन्या इमारतींच्या पाहणीसाठीं एक संस्था निघाली. घराचा मालक तिचा वर्गणीदार होतो, आणि वेळोवेळीं दोन शिकलेले पाहणीदार शिडी, दोर आणि हत्यारें घेऊन येतात. छपरापासून पायापर्यंत सर्व पाहतात, निसटलेलें कौल तिथल्या तिथें बसवितात आणि लेखी अहवाल देऊन जातात. कवेलू फेरणारा गडी आणि हे पाहणीदार यांत तत्त्वतः फरक नाहीं. एक तोंडीं सांगत असे, दुसरा लिहून देतो, एवढेंच. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा यांसारख्या गांवांत चार-सहा जुन्या घरांनीं मिळून एक सुतार, एक कौलें फेरणारा आणि एक स्थापत्य जाणणारा तरुण यांना वर्षांतून एक दिवस बोलाविलें, तर हीच सोय अल्प खर्चांत होऊं शकते. शिवाय, त्या तरुणाच्या हातीं जुन्या सुताराचें ज्ञान जाईल, हा लाभ वेगळाच.

अहवाल हातीं आल्यावर दुरुस्तींत कोणत्या चुका टाळाव्या, हेंहि सांगितलें पाहिजे. मातीच्या धाब्यावर सिमेंटचा गिलावा करणें ही त्यांतील पहिली. खालची माती आणि लांकूड ऋतूप्रमाणें हलतें, सिमेंट हलत नाहीं. त्याला केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पाणी आंत शिरतें, पण वाफ होऊन बाहेर पडत नाहीं, आणि सुंदर दिसणाऱ्या गिलाव्याखालीं तुळया कुजत राहतात. दुसरी चूक कौलें काढून त्याच वाशांवर पत्रे टाकण्याची. कौलांचें वजन हेंच त्या छपराला भिंतींवर दाबून धरीत होतें. वजन गेलें, पण वासे भिंतीला जखडलेले नाहींत. अशा छपराखालीं उन्हाळ्यांतील वावटळ शिरली कीं वाशांसकट पत्रे उडतात. पत्रेच घालावयाचे असतील तर वासे आणि भिंती लोखंडी पट्ट्यांनीं आधीं बांधून घ्याव्या. वैशाखाच्या उन्हांत पत्र्याखालची खोली कशी तापते, हें तर अनुभवानेंच कळतें.

छपराच्या आड येणारी आणखी एक अडचण आहे, आणि ती लांकडाची नसून माणसांची आहे. समजा, एका वाड्यांत तिघां भावांचे वांटे आहेत. वडील भाऊ गांवीं राहतात, मधले नागपुरास, धाकटे पुण्यास. गळती मधल्यांच्या खणावर आहे, पण ओल वडिलांच्या भिंतींत उतरते. दादा पत्र लिहितात, धाकटे म्हणतात कीं आमचा भाग कोरडा आहे, आणि मधले म्हणतात कीं पाडूनच टाकूं. प्रत्येक जण आपापल्या परीनें खरें बोलत असतो, आणि त्या वादांत एक पावसाळा जातो. पाहणीचा अहवाल अशा ठिकाणीं पंचाचें काम करतो. कोणत्या क्रमांकाची तुळई, किती फूट, काय खर्च आणि न केल्यास कोणाच्या भागाला काय अपाय, हें एका कागदावर तिघांच्याहि समोर आलें कीं बोलणें माणसांवरून निघून तुळईवर येतें. पुष्कळ वाडे वाळवीनें पडलेले नाहींत. ते या अनुत्तरित पत्रांनीं पडले आहेत.

कधीं कधीं प्रामाणिक पाहणी असेंहि सांगते कीं, हें घर आतां राहण्याजोगें उरलेलें नाहीं. तें ऐकून घेण्याचीहि तयारी हवी. २२ जुलै २०२३ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांत असा पाऊस झाला कीं महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांड्यांत अडकलेल्या लोकांसाठीं वायुदलाचीं हेलिकॉप्टरें बोलवावीं लागलीं. अशा रात्रीं कमकुवत धाब्याखालीं लेंकरें निजवावीं, हा जुन्या घराविषयींचा अभिमान नव्हे. जें पाडणें प्राप्त आहे तें पाडावें. पण मापें घेऊन, छायाचित्रें काढून, चांगलें लांकूड जपून पाडावें. आणि जें वांचण्याजोगें आहे तें मात्र केवळ आळसानें किंवा गैरसमजुतीनें घालवूं नये.

हें काम सुरू करण्यास मोठ्या भांडवलाची गरज नाहीं. एक वही करावी. तिच्या पहिल्या पानावर घराचा नकाशा आणि खणांचे क्रमांक असावे. पुढें प्रत्येक वर्षाला एक पान द्यावें: दोरीनें मोजलेलें वांकण, मातीची जाडी, गळतीच्या जागा, बदललेलीं कौलें, केलेला खर्च. पहिल्या वर्षीं त्या वहीचा विशेष उपयोग वाटणार नाहीं. पांच वर्षांनीं मात्र घराची प्रकृति तिच्यांत वाचतां येईल, आणि पुढच्या पिढीला वाडा ठेवावा कीं पाडावा हा प्रश्न पडला, तर तिला अंदाजानें उत्तर द्यावें लागणार नाहीं. कवेलू फेरणारा जाणता गडी जी माहिती डोक्यांत ठेवून गेला, ती निदान यापुढें वहींत तरी उरावी. मृग दरवर्षीं ठरल्या वेळीं येतो. त्यापूर्वीं एकदां शिडी लावून वर पाहून येणें, एवढेंच घरधन्याच्या हातीं आहे, आणि बहुतेक घरांना तेवढें पुरतें.